कर्ज ÷ एबिटडा : परतफेडीची ताकद या एका आकड्यावरून कळते का?

ताळेबंदवाचक (धागाकर्ता)

कंपनीला कर्ज झेपतंय का, असं विचारलं की उत्तर हमखास एकाच आकड्यात येतं: एकूण कर्ज भागिले एबिटडा. तीन पट म्हणजे ठीक, पाच पट म्हणजे जपून. अमेरिकेच्या बँक नियामकांनी 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सहा पटींच्या पुढच्या कर्जाबद्दल चिंता नोंदवली, तेव्हापासून सहाची रेघ अनेकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. माझं म्हणणं असं की हा आकडा परतफेडीची ताकद मोजतच नाही. तो फक्त कर्जाचा आकार सांगतो.

एबिटडा म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन (अमूर्त मालमत्तेचा घसारा) वजा होण्याआधीची कमाई. यातल्या व्याजाला आणि कराला रोख पैसे लागतात. घसाऱ्याला त्या वर्षी लागत नाहीत, पण यंत्रं बदलायला लागतातच. म्हणून 'चार पट म्हणजे चार वर्षांत फिटेल' हे वाचन मुळातच चुकीचं आहे.

उदाहरण घेऊ. सगळे आकडे कोटींत. दोन कंपन्या, दोघींचा एबिटडा 100, कर्ज 400, व्याजदर 9 टक्के म्हणजे व्याज 36, कराचा दर 25 टक्के. दोघीही चार पटीवर.

'अ' सॉफ्टवेअर विकते. घसारा 10, चालू क्षमता टिकवायचा भांडवली खर्च 8, खेळत्या भांडवलात वाढ शून्य. करपूर्व नफा 54, कर 13.5. कर्जफेडीसाठी उपलब्ध रोख: 100 − 13.5 − 8 = 78.5. व्याज दिल्यावर उरले 42.5.

'ब' भट्टी चालवते. घसारा 45, देखभालीचा भांडवली खर्च 45, येणी आणि साठ्यात दरवर्षी आणखी 10 अडकतात. करपूर्व नफा 19, कर 4.75. उपलब्ध रोख: 100 − 4.75 − 45 − 10 = 40.25. व्याज दिल्यावर उरले 4.25.

याच गतीने 'अ'ला मुद्दल फेडायला साधारण साडेनऊ वर्षं लागतील, 'ब'ला 94. एबिटडा भागिले व्याज काढलं तरी दोघींना 2.78 च येतं, म्हणजे तोही आकडा हा फरक पकडत नाही. दहा वर्षांत मुद्दलाचे समान हप्ते (वर्षाला 40) धरले तर पहिल्या वर्षी देणं 76. डीएससीआर, म्हणजे उपलब्ध रोख भागिले त्या वर्षाचं व्याज-मुद्दलाचं देणं, 'अ'चा 1.03, 'ब'चा 0.53. म्हणून कर्जाची पट बाजूला ठेवून उपलब्ध रोख आणि डीएससीआर हेच पहिले आकडे मानावेत, असं माझं ठाम मत आहे.

रोखेधारक

गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

पहिली गोष्ट, मोठ्या कंपन्या मुद्दल कमाईतून क्वचितच फेडतात. मुदत संपली की नवं कर्ज काढून जुनं चुकतं करतात. तेव्हा खरा प्रश्न असतो की पुढचा धनको उभा राहील का. तो धंद्याची किंमत पाहतो, आणि ती बहुतेक वेळा एबिटडाच्या पटीतच बोलली जाते. धंदा आठ पटीला विकला जात असेल तर चार पट कर्ज म्हणजे किमतीच्या निम्मं. ही उशी किती जाड आहे ते कर्ज ÷ एबिटडा एका नजरेत सांगतो, डीएससीआर सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. डीएससीआर कंपनीइतकाच कर्जाच्या हप्त्यांचाही आकडा आहे. तुमची 'अ'च घ्या. मुद्दलाचे समान हप्ते असतील तर पहिल्या वर्षी 1.03. तेच कर्ज, तोच दर, तीच दहा वर्षं, फक्त व्याज-मुद्दल मिळून समान हप्ता केला तर वर्षाचं देणं 62.3 आणि डीएससीआर 1.26. धंद्यात काडीचाही बदल नाही. आता 'ब'ला सात वर्षांनी एकरकमी फेडायचं कर्ज द्या: सहा वर्षं फक्त व्याज, डीएससीआर 1.12, सगळं आलबेल. सातव्या वर्षी देणं 436 आणि डीएससीआर 0.09. चार पट हा आकडा पहिल्या दिवसापासून समोर होता. तुमचा लाडका आकडा सहा वर्षं गप्प बसला.

ताळेबंदवाचक

हप्त्यांच्या रचनेचा मुद्दा मान्य. एकरकमी कर्जाला एका वर्षाचा डीएससीआर लावणं चूकच. तिथे मुद्दल एका ठरावीक काल्पनिक मुदतीत, उदाहरणार्थ मालमत्तेच्या उरलेल्या आयुष्यात, समान वाटून मग गुणोत्तर काढावं.

पण 'नवं कर्ज मिळेल' या युक्तिवादाशी अजिबात सहमत नाही. नवं कर्ज महागतं किंवा मिळेनासं होतं, तेव्हाच त्याची गरज सर्वांत जास्त असते. 'ब'चा व्याजदर 2 टक्क्यांनी वाढवून पाहा. व्याज 8 ने वाढलं, करातली बचत धरून भार 6. शिल्लक होती 4.25, ती झाली उणे 1.75. कर्जाची पट मात्र अजूनही चारच.

आणि आठ पटीची किंमतही दगडावरची रेघ नाही. ज्या धंद्याचा एबिटडा पडतो, त्याची पटही त्याच वेळी पडते. एबिटडा 100 वरून 70 आणि पट 8 वरून 6 झाली की किंमत 800 ची 420. चारशेच्या कर्जावर उशी उरली 20 ची.

नोंदतपासणी

दोघांनीही एबिटडा आणि कर्ज हे आकडे स्वच्छ मिळतात असं धरलंय. प्रत्यक्षात चूक गुणोत्तर निवडण्यात होते त्याहून जास्त अंश आणि छेद भरताना होते. वारंवार दिसणाऱ्या काही:

भाडेपट्टे. आयएफआरएस 16 हे भाडेपट्ट्यांबाबतचं आंतरराष्ट्रीय हिशेब मानक 1 जानेवारी 2019 पासून लागू झालं. त्याखाली बहुतेक भाडं घसारा आणि व्याज असं विभागून दाखवलं जातं, म्हणून एबिटडा आपोआप फुगतो. समजा भाड्यानंतरचा एबिटडा 100, कर्ज 200: दोन पट. नव्या पद्धतीत 30 चं भाडं एबिटडातून वजा होत नाही, म्हणून एबिटडा 130, आणि भाडेपट्ट्याचं दायित्व 120 कर्जात आलं: 320 ÷ 130 = 2.46. दोन्ही पद्धती चालतील, पण अंश-छेद एकाच पद्धतीचे हवेत. घोळ होतो तो छेदात 130 आणि अंशात 200 घेतल्यावर. उत्तर येतं 1.54, आणि कंपनी उगाच सुदृढ दिसते. अमेरिकी हिशेबपद्धतीत ऑपरेटिंग भाडेपट्ट्याचा खर्च कामकाजाच्या खर्चातच राहतो, म्हणून तिथल्या कंपनीशी तुलना करताना आधी दोन्ही बाजू सारख्या करून घ्याव्या लागतात.

वर्षअखेरीचं कर्ज. 31 तारखेला कर्ज कमी दाखवणं अवघड नसतं: पुरवठादारांची बिलं थांबवायची, येणी विकून टाकायची. पडताळणी सोपी आहे. वर्षभराचं व्याज भागिले कर्जाचा दर. व्याज 36 आणि दर 9 टक्के असेल तर सरासरी कर्ज 400 असणार. ताळेबंदात 200 दिसत असतील तर उरलेले कुठे गेले ते टिपांत शोधायचं. व्याज मोजताना खर्च न दाखवता मालमत्तेच्या किमतीत मिळवलेलं व्याजही धरायचं; बांधकाम चालू असलेल्या कंपनीत ते नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही.

पुरवठादार वित्त. बँक पुरवठादाराला लवकर पैसे देते, कंपनी बँकेला उशिरा. नाव 'व्यापारी देणी', स्वभाव कर्जाचा. 2018 च्या जानेवारीत कोसळलेल्या ब्रिटनच्या कॅरिलियन कंपनीत हा प्रकार मोठा होता. आयएएस 7 या रोखप्रवाहाच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या दुरुस्तीमुळे 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी अशा व्यवस्थांची माहिती टिपांत द्यावी लागते. ती टीप वाचा आणि रक्कम कर्जात मिळवा.

'समायोजित' एबिटडा. विलीनीकरणातून पुढे होणारी बचत आजच कमाईत धरली जाते. कर्ज 520, खरा एबिटडा 100, म्हणजे 5.2 पट. त्यात 30 ची अपेक्षित बचत मिळवली की चार पट. बचत प्रत्यक्ष दिसेपर्यंत मी ती शून्य धरीन.

आता रोखेधारकांना एक प्रश्न. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने दुसऱ्या कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या वापरण्याचा खर्च भांडवली खर्च म्हणून दाखवला. 2002 मध्ये पहिल्या खुलाशातच ही रक्कम 380 कोटी डॉलरच्या वर होती. एबिटडा तेवढा फुगला. कामकाजातली रोखही फुगली. फक्त त्यातून भांडवली खर्च वजा केल्यावरचा आकडा बदलला नाही, कारण खर्च या खिशातून काढून त्या खिशात टाकला होता. मग केवळ एबिटडावर उभा असलेला आकडा पहिला कसा मानायचा?

रोखेधारक

मान्य, म्हणून मी एबिटडातून भांडवली खर्च वजा करून दुसरी ओळ लिहितोच. पण त्या ओळीचेही प्रश्न आहेत. देखभालीचा खर्च आणि वाढीचा खर्च कंपनी वेगळा सांगेलच असं नाही, आणि सांगितला तरी त्याला लेखापरीक्षकाची मोहर नसते. नवा कारखाना उभारणाऱ्या कंपनीचा सगळा भांडवली खर्च वजा केला तर ती मरणपंथाला लागल्यासारखी दिसेल, आणि ज्या कंपनीने तीन वर्षं यंत्रांना हात लावला नाही ती ठणठणीत.

ताळेबंदवाचक

त्यासाठी सात वर्षांची सरासरी घ्या आणि घसाऱ्याशी ताडून पाहा. विक्रीचं प्रमाण न वाढता खर्च घसाऱ्याच्या आसपास असेल तर तो जवळपास सगळा देखभालीचाच. सलग तीन वर्षं घसाऱ्याच्या निम्मा असेल तर उरलेला निम्मा मी देखभालीची थकबाकी समजतो. महागाई जास्त असेल तर घसाराही कमी पडतो, कारण तो जुन्या खरेदीकिमतीवर असतो आणि नवं यंत्र आजच्या किमतीला येतं.

चक्रगती

धातू, रसायनं, जहाजवाहतूक यांसारख्या चढउताराच्या धंद्यात दोघांचेही आकडे एका वर्षावर काढले तर फसतात. एबिटडा तेजीत 200, मंदीत 60, चक्राची सरासरी 120. कर्ज 360. तेजीत 1.8 पट, मंदीत सहा, सरासरीवर तीन. कर्ज नेमकं 1.8 दिसतं तेव्हाच दिलं जातं. मी मर्यादा सरासरीवर ठरवीन आणि मंदीच्या 60 मधून व्याज, कर आणि टाळता न येणारी देखभाल सुटते का, हे वेगळं तपासीन. सुटत नसेल तर तेवढी तूट भागेल इतकी रोख किंवा न वापरलेली, बँकेला सहज रद्द करता न येणारी कर्जमर्यादा हवी.

प्रकल्पकर्ज

डीएससीआरच्या हप्त्यांवरच्या वादाला उत्तर आहे: एलएलसीआर. कर्जाच्या मुदतीतली सगळी उपलब्ध रोख कर्जाच्याच दराने आजच्या किमतीत आणायची आणि शिल्लक कर्जाने भागायची. रोख दरवर्षी सारखी धरली तर 9 टक्के आणि दहा वर्षांसाठी गुणक (दरवर्षी मिळणाऱ्या 1 ची आजची एकूण किंमत) 6.418. 'अ': 78.5 × 6.418 = 504, भागिले 400 = 1.26. 'ब': 258 ÷ 400 = 0.65. दहा वर्षांच्या आत हप्ते कसेही मांडा, हे बदलत नाही. (व्याज घटत गेल्यावर कर वाढतो, तो परिणाम इथे सोडला आहे, त्याने दोन्ही आकडे थोडे खाली येतील.)

याची कमजोरीही सांगतो. दहाव्या वर्षाची रोख आज कोणालाच ठाऊक नसते. दीर्घ मुदतीचा विक्रीकरार असलेल्या वीजप्रकल्पाला हे शोभतं. दर तिमाहीला ग्राहक बदलणाऱ्या कंपनीला लावलं तर दोन दशांश स्थळांपर्यंतची खोटी अचूकता हाती येते.

रोखेधारक

एलएलसीआर 'ब'ला 0.65 देतो, तेव्हा चार पट 'ब'साठी जास्त होती हे मी कबूल करतो. भट्टीवाल्या धंद्याला चार पट आणि सॉफ्टवेअरला चार पट एकाच पट्टीने मोजू नये. पण त्यावर उपाय पट वेगळी ठरवण्याचा आहे, आकडा टाकून देण्याचा नाही. कर्जकरारात लिहायला दर तिमाहीला, वाद न होता मोजता येईल अशी अट लागते. एलएलसीआरच्या अंदाजांवर धनको-ऋणको सहा महिने भांडत बसतील.

नोंदतपासणी

करारातल्या अटीत एबिटडाची व्याख्या दोन-दोन पानांची असते, त्यामुळे 'वाद न होता' हे पटत नाही.

शिवाय एक मुद्दा सगळ्यांकडून राहिला. कर्ज नेमकं कोणत्या कंपनीवर आहे? एकत्रित ताळेबंदात 51 टक्के मालकीच्या उपकंपनीचा एबिटडा शंभर टक्के मोजला जातो, पण कर्ज वरच्या धारक कंपनीवर असेल तर तिच्या हाती येतो फक्त लाभांश. तोही उपकंपनीचं स्वतःचं कर्ज, तिच्या धनकोंनी लाभांशावर घातलेल्या अटी आणि उरलेल्या 49 टक्क्यांचा वाटा गेल्यावर. निव्वळ कर्ज काढताना वजा केलेली रोख त्याच उपकंपनीत अडकलेली असेल तर तीही हिशेबातून काढा. अशा ठिकाणी एकत्रित पट 2.5 असली तरी धारक कंपनीचं खातं वेगळं मांडावं: वर्षभरात आलेला लाभांश, त्यातून तिचा स्वतःचा खर्च वजा, आणि त्यापुढे तिचं स्वतःचं व्याज आणि मुद्दल.