मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपसाठी कोणते मेसेजिंग अ‍ॅप निवडावे?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला आमची चौतीस सदनिकांची जुनी सोसायटी असून गेल्या वर्षी सचिवपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. इमारत पुनर्विकासाला जायची असल्यामुळे पाण्याच्या टँकरपासून सदनिकांच्या चटईक्षेत्रापर्यंत सगळी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाच ग्रुपवर होतात. गेल्या महिन्यात मी सभासदांकडून आधार कार्डाचे फोटो तिथेच मागवले, आणि नाव, मजला, क्षेत्रफळ व मोबाइल क्रमांक अशी संपूर्ण यादीही तिथेच टाकली. ही चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो. आठवड्याभरात अनेकांना फेसबुकवर भाड्याच्या घरांच्या आणि सामान हलवणाऱ्यांच्या जाहिराती दिसू लागल्या, आणि एका दलालाने तर मला फोन करून विचारले, "काका, तिसऱ्या मजल्यावरचे ५४० फुटांचे घर तुमचेच ना?"

तेव्हापासून ‘व्हॉट्सअ‍ॅप आपले मेसेज वाचते’ यावर सोसायटीत एकमत झाले आहे. त्याऐवजी काय वापरावे, यावर मात्र झालेले नाही. तरुण मंडळी सिग्नल म्हणतात, तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ टेलिग्रामवर अडून बसले आहेत आणि स्वदेशी म्हणून अरट्टाईचा आग्रह धरणारेही दोघे आहेत. रविवारी व्यवस्थापक समितीपुढे मला टिपण ठेवायचे आहे, म्हणून आतापर्यंत जे समजले ते मांडतो. चुकत असल्यास दुरुस्त करावे.

व्हॉट्सअ‍ॅपवरील मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोणालाही, अगदी कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा आणि कोणत्या फोनवरून बोलते ही माहिती मजकुरापेक्षा वेगळी असते, आणि ती कंपनीला दिसू शकते. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले; २०२१ च्या जानेवारीत फेसबुकशी माहिती वाटून घेण्याबाबत आलेली ‘स्वीकारा, नाहीतर सेवा बंद’ धर्तीची सूचना आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचताच मान्य केली (मीही त्यातलाच), आणि त्याच प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला (फेसबुक कंपनीचे आताचे नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, ज्यावर पुढे अपील झाले. जून २०२५ मध्ये ‘अपडेट्स’ या भागात जाहिराती आणण्याची घोषणाही झाली. त्यासाठी शहर, भाषा आणि आपण पाहत असलेले चॅनेल यांचा आधार घेतला जातो, खासगी मेसेजचा नाही, असे कंपनी सांगते.

टेलिग्रामबाबत माझा भ्रमनिरास झाला. तिथल्या नेहमीच्या गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसून कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. ‘सीक्रेट चॅट’ वेगळी सुरू करावी लागते आणि ती ग्रुपला लागूच पडत नाही. मोठ्या सार्वजनिक चॅनेलवर तिथेही जाहिराती आहेतच. अरट्टाईचा बोलबाला २०२५ मध्ये झाला तेव्हा कॉल एन्क्रिप्टेड होते आणि साधे मेसेज नव्हते, त्यामुळे तिथे आज काय स्थिती आहे हे पाहिल्याशिवाय शिफारस करायला मी धजावत नाही.

सिग्नल ना-नफा संस्थेचे असून देणग्यांवर चालते. २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन आदेशानंतर त्यांच्याकडून खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, एवढ्याच दोन गोष्टी देता आल्या. मात्र २०२५ पर्यंत वार्षिक खर्च सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल, असे त्यांनीच २०२३ मध्ये लिहिले होते. फुकट लिफ्ट कुठली चालत नाही, हे सोसायटीच्या सचिवाला वेगळे सांगायला नको. वर्गणी कोणी दिली नाही तर पैसा जाहिरातीतून येणार, हा हिशेब मला पटतो. तरीही सत्तरीपुढच्या बारा सभासदांना नवे अ‍ॅप शिकवायचे, तेही टँकरच्या एका मेसेजसाठी, हे मला जड वाटते. आपण माझ्या जागी असता तर काय निवडले असते?

प्रतिसाद १

सचिवसाहेब, तुमचा प्रश्न अ‍ॅपचा कमी आणि यादीचा जास्त आहे. जाहिरातदार स्वतःकडची मोबाइल क्रमांकांची यादी जाहिरात-सेवेवर चढवू शकतो आणि त्या क्रमांकांशी जुळणाऱ्या खात्यांनाच जाहिरात दाखवू शकतो. त्यासाठी कोणाला तुमचे मेसेज वाचावे लागत नाहीत. दलालाला ५४० चौरस फूट ठाऊक होते, म्हणजे तुमची फाइलच कोणीतरी पुढे पाठवली असावी. एन्क्रिप्शन वाटेतल्या चोराला अडवते. पलीकडच्या माणसाने फाइल फॉरवर्ड केली तर त्यापुढे कोणतेच अ‍ॅप हतबल आहे.

दुसरे म्हणजे बॅकअप. गुगल ड्राइव्हवर जाणारा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आपण स्वतः पासवर्ड, ६४ अंकी किल्ली किंवा फोनची पासकी लावल्याशिवाय एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होत नाही. ही सोय २०२१ पासून आहे, पण चौतीस घरांतल्या प्रत्येक फोनवर ती वेगळी लावावी लागते, आणि पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला म्हणून समजा. शिवाय आधारचे फोटो एव्हाना प्रत्येकाच्या गॅलरीत उतरले असतील. ‘सर्वांसाठी हटवा’ ची मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते, तेव्हा आता घरोघरी सांगूनच ते पुसावे लागतील. पुढच्या वेळी फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार घ्या आणि तेही कागदावर, ‘केवळ पुनर्विकासासाठी’ असे आडवे लिहून घ्या.

प्रतिसाद २

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीने सगळा ग्रुप सिग्नलवर नेऊन पाहिला होता. दोन महिन्यांनी तिथे सहा जण उरले आणि लिफ्ट बंद असल्याची सूचना पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागली. आता सूचनांचा ग्रुप जुन्याच जागी आहे, तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केल्यामुळे चॅट एक्स्पोर्ट करणे आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरणे थांबले आहे; स्क्रीनशॉट अर्थात निघतोच. विकासकाशी चाललेली बोलणी समितीचे सात जण सिग्नलवर करतात. आपोआप पुसले जाणारे मेसेज आम्ही ठरावांच्या बाबतीत वापरत नाही, कारण इतिवृत्तात नसलेला निर्णय उद्या कोणीही नाकारू शकतो.

मूळ लेखकाचे उत्तर

दोघांचेही आभार. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि समिती सिग्नलवर, ही विभागणी मी टिपणात घेतली आहे. प्रतिसाद वाचून काल रात्री ग्रुपमधल्या क्रमांकांची यादी सभासद नोंदवहीशी ताडून पाहिली. घरटी एकाहून जास्त क्रमांक असल्यामुळे एकूण ५१ निघाले, हे ठीकच. पण त्यांत दोन वर्षांपूर्वी घर विकून डोंबिवलीला गेलेले एक कुटुंब आहे, एक जुना भाडेकरू आहे, आणि एक क्रमांक असा आहे की तो कोणाचा, हे अध्यक्ष, खजिनदार किंवा वॉचमन यांपैकी कोणालाही सांगता आले नाही. त्याच्या डीपीवर गणपती आहे आणि आजवर त्याने एकही मेसेज टाकलेला नाही. त्याला गुपचूप काढून टाकावे, की आधी सर्वांसमक्ष ‘आपण कोण’ असे विचारावे?