६.८१ लाख कोटी आणि स्क्वाड्रन फक्त २९

घाटमाथा
२०२५-२६ साठी संरक्षण खात्याला ६,८१,२१० कोटी मिळाले. केंद्र खर्च करतं त्या दर शंभरातले साडेतेरा रुपये. ऐकायला भारी, पण फोड बघा. रोजचा खर्च आणि पगार ३.१२ लाख कोटी, पेन्शन १.६१ लाख कोटी आणि विमानं, जहाजं, तोफा वगैरे भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. रुपयातले २६ पैसे! सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि हवाई दल २९ स्क्वाड्रनवर (लढाऊ विमानांच्या तुकड्यांवर) आलं. मंजूर आहेत ४२.
माझं मत: माणसं कमी करा, यंत्रं वाढवा. चार वर्षांसाठी जवान भरती करणारी अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली, तीही उशिराच. पटत नसेल तर मुद्द्याचं बोला, देशभक्तीची सर्टिफिकिटं वाटू नका.

फौजीची लेक
मुद्द्याचंच बोलते. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, घरटी फौजी. माझे वडील सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून घरी आले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. पलटणीला तरुण पोरं लागतात म्हणून जवानाला ऐन उमेदीत घरी पाठवायचं, आणि मग त्याच्या पेन्शनला बोजा म्हणायचं? बाहेर त्यांना काय मिळालं, तर एटीएमच्या दाराशी खुर्ची.
आणि त्या १.६१ लाख कोटींत नुसते जवान नाहीत, खात्यातले नागरी कर्मचारीही आहेत. त्यांच्यावर धागा कधी निघत नाही.

घाटमाथा
ताई, आहे त्या पेन्शनला हात लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पुढच्या भरतीबद्दल बोलतोय.

जमाखर्च
पुढच्याच भरतीचा हिशेब मांडू. जवानाला पेन्शन लागू होते पंधरा वर्षांनी. जो २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झाला असता, तो पेन्शनवर आला असता २०३७ च्या पुढे. म्हणजे अग्निपथची पेन्शनमधली बचत दिसायला अजून दहा-बारा वर्षं आहेत, आणि स्क्वाड्रनचा खड्डा आज पडलाय. या दोन गोष्टी एकमेकींना बांधताच येत नाहीत, घाटमाथासाहेब.
दुसरं, आहे तो पैसा तरी खर्च होतो का? २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाला १.७२ लाख कोटी दिले होते, सुधारित अंदाजात त्यातले १२,५०० कोटी कापले गेले. आपलं देशी लढाऊ विमान तेजस मार्क-१ए घ्या. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, जवळजवळ ४८ हजार कोटींचा. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं. आलं नाही, अमेरिकेतून जीई कंपनीची इंजिनंच वेळेवर मिळेनात. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची ऑर्डर, ६२,३७० कोटींची. शिपायाचा पगार वाचवून इंजिन लवकर येत नसतं.
पंधराव्या वित्त आयोगाने खर्च न झाल्यास ३१ मार्चला परत न जाणारा वेगळा निधी सुचवला होता. त्यावर चर्चा व्हायला हवी, ती होत नाही. रुक्ष विषय ना!

ओझरचा फिटर
इंजिनाचं बरोबर, पण सगळं खापर कारखान्यावर फोडू नका. आमच्या ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस बनवायची तिसरी लाइन सुरू झाली. सांगाडे बनवता येतात, इंजिन दुसऱ्याच्या हातात. कावेरी हे देशी इंजिन १९८० च्या दशकात हातात घेतलं, तेजसला पुरेल एवढी ताकद त्यातून निघाली नाही. तेव्हा हात आखडला, त्याची किंमत आता मोजतोय.

तीन टक्के
मूळ रक्कमच तोकडी आहे हो. संसदेची स्थायी समिती किती वर्षं सांगतेय, जीडीपीच्या ३ टक्के द्या. २०२५-२६ मध्ये आपण १.९ वर. २०१८ मध्ये उपलष्करप्रमुख शरत चंद यांनी याच समितीपुढे सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट गटात मोडते. चीनच्या सीमेसाठी २०१३ मध्ये माउंटन स्ट्राइक कोअर (डोंगरी भागात चढाई करणारं मोठं दल) मंजूर केली, ती पैशाअभावी अर्धीच उभी राहिली. गलवान त्यानंतर घडलं.

झेडपीचे गुरुजी
३ टक्के म्हणजे दरसाल चार लाख कोटींच्या आसपास जादा. शिक्षण मंत्रालयाचं याच वर्षाचं सगळं बजेट १,२८,६५० कोटी. नुसती वाढच त्याच्या तिप्पट! माझ्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात. कुठून काढणार ते आधी लिहा, मग टक्के मागा.

तीन टक्के
गुरुजी, शाळा सुरू राहायलाही सीमा शाबूत लागते.

झेडपीचे गुरुजी
हे उत्तर झालं नाही. कुठून, ते विचारलं होतं.

घाटमाथा
जमाखर्च यांचा २०३७ चा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण म्हणून अग्निपथ चुकीचं ठरत नाही. झाड आज लावलं तरच तेव्हा सावली.

फौजीची लेक
सावली कुणाला? माझा चुलतभाऊ अग्निपथच्या पहिल्या तुकडीतला. त्यांची चार वर्षं २०२६ सरता सरता भरतायत. शंभरातले पंचवीस आत राहणार, बाकीच्यांच्या हातात पावणेबारा लाखांच्या आसपास. काकूने त्याचं लग्न तोवर लांबणीवर टाकलंय, कारण मुलीकडचे एकच विचारतात: पंचवीसमध्ये आहे का पंच्याहत्तरमध्ये?