कान दुखत नाही, नुसता वास येतो. तरी दाखवायला हवं का?

मृणाल_सातारा:
सासरे ६२ वर्षांचे. डावा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो. दुखत अजिबात नाही, म्हणून लसणाचं तेल आणि कापसाचा बोळा यावर आजवर भागलं. हल्ली उशीच्या अभ्र्याला घाण वास येतो. परवा कान खाजवताना एकदम गरगरलं म्हणाले. दवाखान्याचं नाव काढलं की "आता वय झालं" म्हणतात. खरंच घाई करायला हवी का?

मोगरा:
सर्दी मुरली असेल. वाफ देऊन बघा.

जुना_रेडिओ:
वाफ-बिफ राहू द्या, ताई. कानाला बोट लावल्यावर गरगरतंय हे वाचलं आणि लिहायला बसलो.
माझ्याही कानातून थेंबभरच यायचं, पण वास असा कुजका की बायको त्या बाजूला झोपायची नाही. ना ठणका, ना ताप. निघालं कोलेस्टिएटोमा. कॅन्सर नव्हे. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते, तिच्यात मेलेल्या कातडीचे पापुद्रे साठत जातात आणि ती आजूबाजूचं हाड खात सुटते. आधी बहुधा ऐकण्याची इवलीशी हाडं जातात. तोल सांभाळणाऱ्या नळीपर्यंत पोचली की कानावर नुसता दाब आला तरी गरगरतं. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते. माझा डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी ओघळायला लागलं, घरच्यांना वाटलं अर्धांगवायू! आणि मधल्या कानाचं छत म्हणजे हाडाचा पातळ पत्रा, त्यावर थेट मेंदू.
सीटी स्कॅनमध्ये सगळं दिसलं. कानामागचं हाड कोरून ती घाण काढली. चेहरा सावरला, ऐकू मात्र कमीच येतं. ते तेल आजच बंद करा.

कानाचा_डॉक्टर:
रेडिओसाहेबांशी सहमत. न तपासता निदान सांगता येणार नाही, पण वाहता कान आणि चक्कर म्हणजे एक-दोन दिवसांत ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला, दाखवाच. तोंड वाकडं झालं, कानामागे सूज आली, किंवा ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, झापड, मान आखडणं यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. मधुमेह असेल तर आवर्जून सांगा. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात.

मृणाल_सातारा:
त्यांना वाचून दाखवलं. "सीटीला किती लागतील?" एवढंच विचारलं. उद्याची वेळ घेतलीय.

जुना_रेडिओ:
ऐकण्याची तपासणीही करून घ्या, दोन्ही कानांची.