खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी

उकडांबा :
काल इथे एकाने लिहिलं की उन्हाचा बाऊ हे एसीत वाढलेल्यांचं खूळ आहे, खिशात पांढरा कांदा आणि डोक्याला दुपट्टा असला की 46 मध्येही काही होत नाही, आणि ओआरएस म्हणजे कंपन्यांचा धंदा. खाली नुसते हात जोडणारे. वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

दुपट्ट्याबद्दल भांडण नाही, बांधाच. कांदा ताकाबरोबर खा की. पण अंगातली उष्णता घाम वाळताना जाते, खिशातून नाही. अकोल्यात मावसभावाच्या लग्नात भर दुपारी वरात निघाली. त्याचे चुलते बँडपुढे नाचता नाचता बरळायला लागले, सगळ्यांना वाटलं घेतलेली आहे. पाच मिनिटांत खाली कोसळले, अंग तव्यासारखं. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरतंय, कुणी तळपायाला चोळतंय, कुणी बळंच तोंडात पाणी ओततंय, एकाने क्रोसिन काढली. मुलीकडच्या एक नर्सबाई होत्या, त्यांनी सगळ्यांना हाकललं, मंडपातलं ड्रमभर पाणी त्यांच्या अंगावर ओतायला लावलं, सरबताचा बर्फ काखेत आणि जांघेत ठेवला, टेबलफॅन वळवला, तोवर कुणीतरी 108 लावला. हा ताप इन्फेक्शनचा नसतो, त्यामुळे क्रोसिनने उतरत नाही. आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. चुलते वाचले. शर्ट काढताना खिशातून काय निघालं ते सांगायला नकोच.

वऱ्हाडी_भाऊ :
ते मीच लिवलं होतं, नाव घ्याले काऊन लाजता? काकाचं वाईट वाटलं, पण एका काकावरून साऱ्या गावाची अक्कल काढू नका ना. आमचा बुढा मे महिन्यात वखर हाकले, बैल थकत पण बुढा नाई. कांदा खिशात असे आन् पोटातबी असे, अंबिल असे, डोक्याले शेला असे, दुपारी बाभळीखाली आडवा होये. तुम्ही लोक 38 ले बोंबलता आन् आम्हाले शिकवता. आन् ओआरएसचं काय खोटं हाये? केमिस्टले मांगतलं तं फळाच्या चवीचा गोड डबा हातात देते.

खाडीकाठचा :
38 ला हसू नका. 16 एप्रिल 2023, खारघर. भर उन्हात सरकारी सोहळा, पारा 38 च्याच आसपास आणि 14 जण गेले. हवामान खातं किनाऱ्यावर 37 पासून आणि मैदानात 40 पासून उष्णतेची लाट धरायला घेतं ते उगाच नाही. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळतच नाही, मग अंग गार कसं होणार? तुमच्याकडचा तो पाण्याचा कूलर इथे लावला तर भिंतीला बुरशी येते फक्त.

उकडांबा :
भाऊ, बुढा दुपारी बाभळीखाली आडवा व्हायचा हे तुम्हीच लिहिलंत. मग श्रेय बाभळीला द्या की, कांद्याला काय देताय! ओआरएसचं मात्र अर्धं मान्य, नाइलाजाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस छापायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बंदी घातली तीच मुळी ऑक्टोबर 2025 मध्ये, तोवर चाललंच होतं. पण 20.5 ग्रॅमची साधी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, ती काही धंदा नाही. अर्ध्या ग्लासात घोळून पिणारे महाभाग आमच्या ऑफिसात आहेत, तो भाग वेगळा.

मोहफूल :
दर उन्हाळ्यात तेच सरकारी पत्रक, 12 ते 4 बाहेर पडू नका, कामं पहाटे उरका. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं तोडायचं काम, असतो. पहाटे जंगलात शिरलं तर वाघ, उशिरा गेलं तर ऊन. 2025 च्या मे मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बाया वाघाने मारल्या, पानं तोडायलाच गेल्या होत्या. पैसे पुडक्यावर मिळतात, तासावर नाही. पत्रक काढणाऱ्याने नेमकं किती वाजता जायचं तेवढं लिहावं.

वऱ्हाडी_भाऊ :
ताई, शंभर टक्के. हे एसीवाले काय सांगतीन. आमच्या घरी एकच लोखंडी कूलर, सासऱ्यानं लग्नात देलेला, अजून टकाटक. हात लागला तं जरासा झिनझिन करते, रबरी चप्पल घालून पानी भराचं, बस.

रिटायर्ड_वायरमन :
झिनझिन???

अहो तुम्ही कांद्यावर कसले भांडताय! पंप पाण्यात बुडालेला, वायरचा जोड टेपने गुंडाळलेला, बॉडी लोखंडी, खाली ओली फरशी, आणि उद्या नातू उघड्या पायाने येऊन जाळीला हात लावणार. महावितरण दर उन्हाळ्यात पेपरात सांगतं, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर असतं आणि फेज, म्हणजे करंटची तार, थेट पंपापर्यंत.

वऱ्हाडी_भाऊ :
इतक्या वर्षांत कोनी मेलं नाई आमच्याइकडं.

रिटायर्ड_वायरमन :
आमच्या मागच्या गल्लीत मेलं. सून पाणी भरताना चिकटली, सासू सोडवायला धावली. दोघी गेल्या. पंचनाम्याच्या वेळी बोर्ड मी उघडला होता, तिसऱ्या, अर्थच्या पिनेला तारच नव्हती. तुमचं ‘जरासं’ ऐकलं की माझं टाळकं सरकतं, माफ करा.

खाडीकाठचा :
फायबर बॉडीचा घ्या, विषय संपला.

रिटायर्ड_वायरमन :
नाही संपत. करंट पाण्यात उतरतो आणि आतली मोटर, स्टँड लोखंडीच असतं. आणि एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नका, ती ओव्हरलोड आणि शॉर्टला पडते, माणसाला वाचवायला नाही. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारं स्विच. अर्थिंग पाहिजेच, पण ते धड नसलं तरी करंट माणसातून जमिनीत जायला लागला की ती पडते.

उकडांबा :
आमच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिलीय, म्हणाला एकच असतं.

रिटायर्ड_वायरमन :
त्याला परत घरात घेऊ नका. न्यूट्रल मध्येच तुटला की अख्खी बॉडी लाइव्ह होते. आजच काढा.

वऱ्हाडी_भाऊ :
बरं बाप्पा, तुम्ही जिंकले. साळ्याले बोलावलं, आयटीआय केलेला हाये, उद्या अर्थिंगचा खड्डा खनते म्हने. पन माह्या बुढ्याबद्दल एक शब्दबी मागं घेनार नाई.

मोहफूल :
ज्यांचं घर भाड्याचं आहे त्यांनी काय करायचं? मालकाला अर्थिंगचं म्हटलं तर तो म्हणतो कूलरच लावू नका, बिल कमी येईल.

रिटायर्ड_वायरमन :
ताई, आरसीसीबी वेगळ्या बॉक्समध्ये बसवून घ्या, कूलर त्याच्यावरच चालवा. घर सोडताना काढून नेता येते. मालकाला विचारूच नका.