मदत हवी आहे: पाचवीचा वर्ग, टच पॅनेल आणि अंबाबाईचा किरणोत्सव

नमस्कार मंडळी,

मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात मोठं टच पॅनेल आलंय. पोरं खूश, पालक खूश. पण पॅनेल उत्तर इतक्या पटकन दाखवतं की डोकं चालवायची कुणाला गरजच पडत नाही. बोटानं सूर्य सरकवला, "लई भारी मॅडम!" झालं, की पुढचा नंबर कुणाचा यावरनं भांडण.

आता पृथ्वीच्या फिरण्याचा पाठ घ्यायचाय. त्यात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आणावा म्हणते. देवी पश्चिमाभिमुख, आणि मावळतीची किरणं साधारण 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी अशी दोनदा गाभाऱ्यात येतात. दोनदाच का? 21 डिसेंबरपासून (त्या दिवशी सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो) मोजलं तर 10 नोव्हेंबर 41 दिवस मागं आणि 1 फेब्रुवारी 42 दिवस पुढं. सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परतताना त्याच जागी मावळतो, एवढीच गोष्ट. पण ती पोरांनी शोधायला हवी, मी सांगितली की मजा गेली.

स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, एकदा घेतलं की नेट लागत नाही (आमच्याकडं ते असून नसल्यासारखंच). ठिकाण कोल्हापूर ठेवून तारीख बदलली की मावळतीची जागा सरकताना दिसते. पण ते दाखवायच्या आधी अंदाज कसा काढून घेऊ? वहीत लिहा म्हटलं की सगळे त्या दोन हुशार पोरांचं बघून लिहितात. कुणी केलंय का असं काही?

प्रतिसाद:
मॅडम, पॅनेल आधी बंदच ठेवा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, त्यावर पश्चिमेचं क्षितिज आणि 10 नोव्हेंबरची खूण. "21 डिसेंबरला सूर्य कुठं मावळेल?" टिंब काढून, घडी घालून चिठ्ठी डब्यात. मग पॅनेलवर फक्त 21 डिसेंबर दाखवा आणि थांबा. पुढचा प्रश्न: पहिल्या खुणेवर परत कधी येईल? "पुढच्या नोव्हेंबरात" म्हणणारे बरेच निघतील, त्यांना "का?" विचारा. खरा तास तिथंच आहे.

एक मात्र बघा. 10 नोव्हेंबरला सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे 18 अंशांवर मावळतो, 21 डिसेंबरला 24-25. हा फरक ताठ हाताच्या मुठीएवढाही नाही, त्यामुळं पॅनेलवर झूम करून ठेवा.

धागाकर्ती:
चिठ्ठीचं पटलं. पण झूम केल्यावर पश्चिम दिशाच पडद्याबाहेर जाते, मग पोरांना मोजायला काय ठेवू?