मदत हवी आहे: चाळीतून टॉवरमध्ये आलेल्या मुलांसाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या खोलीतून आता ५०० चौरस फुटांच्या घरात आलोय. स्वतःचा संडास, लिफ्ट, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली. हे सुख मोठं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

काळजी आहे ती मुलांची. चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या, दारं दिवसभर उघडी. शाळेतून आलेलं पोर आई कामावर असली तरी शेजारच्या काकूंकडे जेवायचं. दहावीच्या मुलांना वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला दादा गणित शिकवायचा, पैसे न घेता. गणपतीत वर्गणीचा हिशोब ठेवता ठेवता पोरं चारचौघांत बोलायला शिकली. मुलींवर मात्र सगळ्या गॅलरीचे डोळे असायचे. कुठे गेली, कोणाबरोबर गेली, याचा जाच मीही सोसलाय. तो भाग परत नकोच.

आता दारं बंद असतात. माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेतून आली की मोबाइल घेऊन एकटी बसते. खाली खेळायला चल म्हटलं तर "कोणाबरोबर?" विचारते.

तुमच्यापैकी कोणी पुनर्विकासानंतर इमारतीत अभ्यासिका किंवा मुलांचं मंडळ सुरू केलंय का? सोसायटीकडून जागा कशी मिळवली? मोठी मुलं लहानांना शिकवायला तयार कशी झाली? आणि मुलींना मोकळेपणाने यावंसं वाटेल, असं काय केलंत? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.