मदत हवी आहे: कंपनीचा नवीन सॅटेलाइट वर गेलाय, बिल्डिंगची डिश आत्ता बदलायची की थांबायचं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण विषय माझ्या एकट्याचा नाहीये, अख्ख्या बिल्डिंगचा आहे. आमच्या गच्चीवर एकच मोठी सामायिक डिश आहे आणि तिच्यावरून बत्तीस घरांना सिग्नल जातो. ज्या कंपनीचं कनेक्शन आहे तिच्यासाठी नुकताच नवीन सॅटेलाइट सोडलाय, तो नीट वर गेला, सोलर पॅनल उघडले वगैरे बातमी आली. आणि त्याच आठवड्यात आमच्या डिशचं काम बघणारा माणूस म्हणाला की आता डिश फिरवायला लागणार, एलएनबी (डिशच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) नवीन, वायरिंग नवीन, सगळ्यांचे बॉक्स नवीन, आत्ताच उरकून घ्या नंतर गर्दी होईल. कमिटीत हे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हो किंवा नाही मलाच सांगायचंय आणि मला त्यातलं फार कळत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चौथ्या मजल्यावर एक आजी आहेत, अंथरुणातून उठता येत नाही, सकाळी सहापासून त्यांचा टीव्ही सुरू असतो आणि दिवस त्याच्यावरच निघतो. मागे वादळात डिश थोडी हलली तेव्हा दोन दिवस काहीच दिसत नव्हतं, आजी दर तासाला निरोप पाठवायच्या, आलं का रे बाळा. ते अजून डोक्यात आहे. त्यामुळे चालू असलेल्या डिशला गरज नसताना हात लावायची माझी अजिबात तयारी नाही, पण उद्या चॅनल नवीन सॅटेलाइटवर गेले आणि आमचे स्क्रीन काळे पडले तर तेही माझ्याच माथी.

तर कंपनी हा नवीन सॅटेलाइट नक्की कशासाठी वापरेल? जुन्याच्या जागी ठेवतील, का जास्तीचे चॅनल आणतील, का फोर-के, का नुसता राखीव? आणि यातल्या कुठल्या केसमध्ये आम्हाला गच्चीवर काम करावं लागेल? जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद – अँटेना

दादा, आधी एकच गोष्ट शोधून काढा, नवीन सॅटेलाइट कुठल्या अंशावर (म्हणजे कुठल्या रेखांशावर) बसणार आहे. बाकी सगळी उत्तरं त्यावर आहेत. तुमच्या कंपनीचे आत्ताचे चॅनल ज्या अंशावरून येतात तिथेच तो बसणार असेल तर डिश फिरवायची काहीच गरज नाही, एक मिलिमीटरसुद्धा नाही.

लोकांना वाटतं एका जागी एकच सॅटेलाइट मावतो. तसं नसतं. हे सगळे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि प्रत्येकाला साधारण अधिक-उणे ०.१ अंशाचा चौकोन आखून दिलेला असतो, तिथल्या हिशोबाने तो जवळपास दीडशे किलोमीटर रुंद होतो. त्यात दोन-तीन-चार सॅटेलाइट सांभाळून ठेवता येतात आणि खालून बघणाऱ्या डिशला ते सगळे एकच दिसतात. घरगुती ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर अडीच-तीन अंशाची, तुमची मोठी डिश १२० सेंटीमीटरची धरली तरी दीड अंशाच्या आसपास, म्हणजे ०.१ तिच्या खिजगणतीतही नाही.

आता कंपनी काय करेल. माझ्या मते दहातल्या बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, जुना म्हातारा झालाय म्हणून नवीन. सॅटेलाइटचं आयुष्य साधारण पंधरा वर्षं धरून बनवतात, नंतर जागेवर राहण्याचं इंधन संपत येतं, काही ट्रान्सपॉन्डर (वरून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी सॅटेलाइटवरची यंत्रं) गेलेले असतात. अशा वेळी नवीन आला म्हणून चॅनल वाढत नाहीत, कारण त्या अंशावर कंपनीला मिळालेल्या फ्रिक्वेन्सी तेवढ्याच असतात. एका जागेवरून एकाच भागाकडे तीच फ्रिक्वेन्सी फक्त दोनदा वापरता येते, एकदा व्हर्टिकल पोलरायझेशनमध्ये (म्हणजे लहरी उभ्या) आणि एकदा हॉरिझॉन्टल (आडव्या). जुना आणि नवीन दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलायला लागले तर खाली नुसता गोंधळ, म्हणून एकेक ट्रान्सपॉन्डर जुन्यावर बंद करून नव्यावर चालू करतात, बहुतेक रात्री उशिरा, आणि बघणाऱ्याला फार तर चित्र क्षणभर अडकल्यासारखं वाटतं.

युरोपातलं १३ अंश पूर्वचं उदाहरण घ्या. तिथे हॉटबर्डचे तीन सॅटेलाइट होते, त्यांच्या जागी २०२२ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये दोनच सोडले, १३एफ आणि १३जी. तीन जाऊन दोन आले, जागा तीच, आणि ज्यांच्या डिश तिकडे वळलेल्या होत्या त्यांना गच्चीवर चढावं लागलं नाही.

फ्रिक्वेन्सी नवीन मिळाल्या असतील, म्हणजे आत्तापर्यंत न वापरलेला बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) उघडणार असेल, तरच खरी वाढ. आणि तिथे तुमच्या एलएनबीचा प्रश्न येतो, त्याआधी नाही.

प्रतिसाद – रात्रपाळी

वरच्यांशी सहमत. भर घालतो ती वेळेबद्दल, कारण तुमच्या माणसाने जी घाई लावलीय ती मला खटकतेय. रॉकेट गेलं म्हणजे उद्यापासून चॅनल येतात असं नसतं. सॅटेलाइट आधी लंबगोल कक्षेत सोडतात, तिथून तो स्वतःच्या इंजिनाने वर जातो, जुन्या पद्धतीचं इंजिन असेल तर आठवडा-दोन आठवडे, विजेवरचं असेल तर कित्येक महिने. मग टेस्टिंग, तेही बऱ्याचदा दुसऱ्याच अंशावर उभं करून, म्हणजे चालू चॅनलना धक्का लागत नाही, आणि मग सरकत सरकत आपल्या जागेवर.

आपल्याकडचा जीसॅट-२४ जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातून एरियान ५ वर गेला, ४,१८० किलोचा, केयू बँडचे (घरगुती डिश ज्यावर चालतात तो पट्टा) २४ ट्रान्सपॉन्डर, सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेने घेतलेली, आणि तो पूर्ण वापरात आला ऑगस्ट २०२३ मध्ये. वर्षाहून जास्त. तेव्हा थांबायला वेळ भरपूर आहे हो.

अजून एक, चॅनल न वाढताही फायदा असतो. नवीन सॅटेलाइटची पॉवर सहसा जास्त असते, दुप्पट झाली तर तीन डेसिबल मिळतात, आणि पावसात जो सिग्नल जातो ना, त्यातले बरेच काठावरचे प्रसंग तेवढ्यात वाचतात. तुमच्या आजींच्या दृष्टीने मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

प्रतिसाद – धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बातमी परत नीट शोधून वाचली, अंश तोच आहे, आत्ता जिथून चॅनल येतात तोच! पण त्यात असंही लिहिलंय की जुन्या सॅटेलाइटचं काम हा पुढे चालवेल "आणि अतिरिक्त क्षमता" देईल. म्हणजे दोन्ही?

मग आज सकाळी गच्चीवर जाऊन एलएनबी जवळून बघितला, काही सोडलं नाही, नुसता बघितला. लेबल उन्हाने अर्धं उडालंय, पण ९.७५ आणि १०.६ हे आकडे वाचता येतात. खाली चार तोंडं आहेत, व्हीएल, व्हीएच, एचएल, एचएच असं कोरलंय. त्यातल्या व्हीएच आणि एचएच या दोनांनाच वायरी आहेत, बाकी दोनांवर रबरी टोप्या, एक टोपी तडकलेली. वायरी खाली जिन्याजवळच्या लोखंडी पेटीत जातात, तिथे एक डबा आहे आणि त्यातून सगळ्या घरांना वायरी निघतात. याचा अर्थ काय?

प्रतिसाद – अँटेना

याचा अर्थ तुमचं काम निम्म्याहून सोपं झालं. हा क्वाट्रो एलएनबी आहे आणि तो पूर्ण केयू बँड घेतो, १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ. ११.७ च्या खालचा तो लो बँड, वरचा तो हाय बँड, आणि प्रत्येकाची दोन पोलरायझेशन, म्हणून चार तोंडं. ज्याने बसवला त्याने दोनच वायरी खाली आणल्या कारण तुमची कंपनी आत्ता फक्त हाय बँड वापरते. पेटीतला डबा म्हणजे मल्टिस्विच, एलएनबीचा सिग्नल सगळ्या घरांत वाटणारा.

"अतिरिक्त क्षमता" हाय बँडमध्येच उरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आली तर तुम्हाला काहीच करायचं नाही. बॉक्स नवीन ट्रान्सपॉन्डरची यादी सिग्नलमधूनच उचलतो, फक्त लोकांना सांगा की रात्री स्टँडबायवर ठेवा, भिंतीवरचं बटण बंद करू नका. लो बँडमध्ये आली तर त्या दोन टोप्या काढून दोन वायरी खाली आणायच्या आणि मल्टिस्विच चार इनपुटचा लागेल. घराघरातल्या वायरी त्याच राहतात. डिश तीच, एलएनबीही तोच. बॉक्सचं म्हणाल तर जुना बॉक्स डीव्हीबी-एस२ (सिग्नल पाठवायची नवी पद्धत) किंवा एचईव्हीसी (चित्र दाबून लहान करायची नवी पद्धत) वाचू शकत नसेल तर नवीन फोर-के चॅनल त्याच्यावर दिसणार नाहीत, पण जे आज दिसतायत ते जात नाहीत, जोपर्यंत कंपनी तेही नव्या पद्धतीत बदलत नाही. आणि तसं करायचं असेल तर बॉक्स बदलायची सूचना कंपनीला आधी ग्राहकांना द्यावीच लागते.

फोर-केची फार आशा धरू नका मात्र. एका ट्रान्सपॉन्डरमधून डीव्हीबी-एस२ वर साधारण पन्नास-पंचावन्न मेगाबिट निघतात, त्यात फोर-के दोनच चॅनल बसतात, आणि तेवढ्याच जागेत एचडी सहा-सात. कंपनी बहुतेक वेळा एचडीच निवडते.

ती तडकलेली टोपी मात्र आजच बदला. पाणी आत गेलं की तोंड गंजतं, आणि उद्या लो बँड लागला तर नेमकं तेच तोंड हवं असेल.

प्रतिसाद – छोटी छत्री

धागा वाचून बरं वाटलं, आमच्याकडेही हाच वाद चाललाय. पण आमच्या केसमध्ये नवीन सॅटेलाइट सहा अंश बाजूला बसतोय. मग डिश फिरवली तर जुने चॅनल जाणार ना?

प्रतिसाद – रात्रपाळी

ताई, फिरवू नका. सहा अंश असेल तर त्याच डिशच्या दांड्यावर बाजूला दुसरा एलएनबी लावता येतो. युरोपात १३ आणि १९.२ अंश दोन्ही एकाच डिशवर घेणारे खूप लोक आहेत, फरक ६.२ अंशांचाच आहे. पुढे एक डायसेक स्विच, तो बॉक्सच्या हुकमानुसार या किंवा त्या एलएनबीवर जातो. फक्त जो सिग्नल कमजोर आहे तो मधोमध ठेवा, जोरकस आहे तो बाजूला.

प्रतिसाद – धागाकर्ता

कमिटीला आज लेखी कळवलं. डिशला हात लावायचा नाही, एलएनबी आणि बॉक्स बदलायचे नाहीत, कंपनीने फ्रिक्वेन्सीची यादी दिली की त्यात ११.७ च्या खालचं काही आहे का ते बघायचं आणि असेल तरच दोन वायरी आणि मल्टिस्विच. त्या माणसाला हेच वाचून दाखवलं, तो म्हणाला दोनच वायरी असतील हे मी बघितलं नव्हतं. टोपी बदलली, आतलं तोंड कोरडं होतं, आतला धातू स्वच्छ आहे.

अँटेना दादा, एक शेवटचं विचारतो. चार इनपुटचा मल्टिस्विच आत्ताच बसवून ठेवला आणि लो बँडच्या दोन वायरी न जोडता तशाच ठेवल्या तर आत्ताच्या सिग्नलला काही त्रास होईल का? पेटी उघडण्याआधी एवढं नक्की करायचंय, आणि उघडली तर दुपारी आजी झोपतात त्या तासातच उघडणार आहे.